मीटरवरचा आकडा आणि टायरवरचा आकडा
आज वापरलेल्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे जवळजवळ तीन तास घालवले आणि गाडी न घेताच परत आलो. २०२१ सालची ती गाडी पाहताक्षणी मनात भरली होती आणि मीटरवर जेमतेम १८,००० किलोमीटर दिसत होते. मात्र टायरच्या कडेवर शेवटी २२२४ हे चार आकडे होते, म्हणजे तो टायर २०२४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला होता. एखादा टायर बदलावा लागणे मी समजू शकतो, पण इतक्या कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर नवे कसे? ब्रेकच्या पेडलवरचे रबर तर झिजून पार गुळगुळीत झाले होते. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागितल्यावर, इतका वेळ भरभरून बोलणारा विक्रेता एकदम गप्प झाला. त्याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण खरे किलोमीटर सांगितले असते, तर योग्य किमतीला मी ती गाडी कदाचित घेतलीही असती. आम्ही पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम होते. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज ऐकायचा राहिलाच. उद्या दुसरीकडे जायचे आहे आणि मी पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असे त्यांना आजच फोनवर सांगून ठेवले आहे.