आमची वाटचाल : तीन डंख आणि एक वही

लालबागच्या मिरची गल्लीपासून चार पावलांवर आमचा गाळा आहे. आत मसाला कुटायची तीन यंत्रं, म्हणजे डंख, एक भट्टी आणि भिंतीतल्या कोनाड्यात बाबांची वही. धंदा एवढाच.

बाबा कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. आईच्या पाटल्या मोडून पहिला डंख आला. बाबा म्हणायचे, आवाज सारखाच आहे, फक्त कापसाऐवजी नाकात मिरची जाते.

डंखात मसाला दळत नाहीत, कुटतात. वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडरमध्ये मसाला जास्त तापतो आणि लवंग-दालचिनीचा वास तिथेच उडून जातो. म्हणून बायका अजून डब्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात आणि आपला मसाला डोळ्यांसमोर कुटून घेतात. दुसरीच्या घाण्यातली चिमूट आपल्यात आली तर भांडण ठरलेलं.

हे सगळं मला कमी वाटायचं, हे कबूल करतो. मॉलमध्ये मसाल्याची चकचकीत पाकिटं बघून यायचो आणि आपल्या गाळ्यातली लाल धूळ बघून चिडायचो. मार्च ते मे मरमर, पावसाळ्यात माश्या मारायच्या, हा काय धंदा? २०१२ साली कर्ज काढलं, पाकीट भरायचं मशीन आणलं. बाबा "बघ बाबा" एवढंच म्हणाले.

पाकिटात एकच चव भरावी लागते, हे मला मशीन आल्यावर कळलं. कोणाची भरायची? मालवणची, आगऱ्यांची की घाटावरची? मी सगळ्यांची सरासरी काढली. तो मसाला कोणालाच आवडला नाही. दुकानदार पैसे तीन-तीन महिन्यांनी द्यायचे, तेही परत आलेली पाकिटं वजा करून. घरात वर्षभर त्याच मसाल्याची आमटी झाली. मुलगी अजून चिडवते.

तरी मशीन विकलं नाही. हट्ट, दुसरं काय.

मग २०२० आलं. २५ मार्चला देश बंद, म्हणजे नेमका आमचा हंगाम. डंख थांबले. बाबा आदल्या वर्षीच गेले होते. एप्रिलमध्ये एक फोन आला, आवाज ओळखीचा नव्हता. "दादा, डोंबिवलीहून बोलतेय. आई दरवर्षी तुमच्याकडूनच कुटून न्यायची. ती गेली. तिच्या मसाल्याचं प्रमाण मला कधी विचारायला सुचलंच नाही. तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का हो?"

पोलिसांना विचारून गाळा उघडला आणि वही काढली. बाबांचं वळणदार, पेन्सिलीतलं अक्षर. नावं थोडी, खुणाच जास्त. "देवगडच्या मावशी, मागची चाळ. ब्याडगी २ किलो, संकेश्वरी १, धने दीड, बडीशेप पाव. त्रिफळ नको. धने कमी तेलात." खाली वेगळ्या शाईत : "मुलगी बाळंतीण, यंदा तिखट कमी."

फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "ती बाळंतीण मीच."

त्या दिवशी खाली पोत्यावर बसून अख्खी वही वाचली. चारशेच्या वर घरं भरली. काही चाळींच्या जागी आता टॉवर आहेत, माणसं डोंबिवली-विरारला गेली, पण त्यांच्या घरची चव आमच्या कोनाड्यात होती. आणि मी आठ वर्षं पाकिटावर कुठलं चित्र छापायचं याचा विचार करत होतो.

मशीन भंगारात गेलं. कर्ज मागच्या वर्षी फिटलं. उत्पन्न फार वाढलेलं नाही आणि पावसाळ्यात अजूनही माश्याच मारतो. फक्त हल्ली त्या दिवसांत वहीची नवी प्रत उतरवायला बसतो, कारण जुनी पानं हळदीने खाल्ली आहेत. मुलगी म्हणते मोबाइलवर टाकू या. टाकेल ती.

मशीनच्या जागी आता बाकडं आहे. मसाला कुटून होईपर्यंत मावश्या तिथे बसतात, एकमेकींच्या प्रमाणांना नावं ठेवतात.

यंदा येणार असाल तर मिरची देठं काढून, दोन उन्हं दाखवून आणा. डबे घरचेच आणा, कोरडे. आणि कुटलेला मसाला गरम असतो. घरी गेल्यावर पसरून गार होऊ द्या, मगच झाकण लावा, वर हिंगाचा खडा ठेवायला विसरू नका.