आमची वाटचाल : काच घासण्यापासून शेवाळ वाढवण्यापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात काचा घासण्यापासून झाली. खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी हौसेने बसवलेली असायची, पण काही महिन्यांत दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलं की मालक हवालदिल व्हायचे आणि आम्हाला बोलवायचे. आम्ही टाकी लख्ख करून द्यायचो. पुढच्याच महिन्यात पुन्हा फोन! धंद्याला हे सोयीचं होतं, मनाला मात्र पटत नव्हतं.

शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसतं. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य आणि नळाचं पाणी यांतून ही द्रव्यं टाकीत येत राहतात. खरवडलेलं शेवाळ पाण्यातच कुजलं तर हे सगळं परत पाण्यात मिसळतं. मग आम्ही ठरवलं, शेवाळाला त्याची स्वतःची जागा द्यायची, तिथे मनसोक्त वाढू द्यायचं आणि कापून बाहेर काढायचं. आमच्या कामाला खरी दिशा इथे मिळाली.

टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत, एक वेगळा कप्पा करून आम्ही त्यात कीटोमॉर्फा ठेवतो. हे तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ दगडाला चिकटत नाही, त्यामुळे हाताने उचलून कापता येतं. कप्प्यातला दिवा रात्री, म्हणजे मुख्य टाकी अंधारात असताना लावायचा. शेवाळ तेव्हा कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं आणि रात्री पाण्याचा पीएच फारसा घसरत नाही. गोळा दाट झाला की साधारण अर्धा काढायचा. सगळा काढला तर नव्याने जोम धरेपर्यंत दुसरं शेवाळ डोकं वर काढतं.

कौलेर्पा या दुसऱ्या शेवाळाला मागणी भरपूर, कारण दिसायला ते सुरेखच आहे. तरीही आम्ही ते विकत नाही. प्रजननाच्या वेळी ते आतलं जीवद्रव्य पाण्यात सोडून पांढरं पडतं. टाकी दुधाळ होते आणि पाण्यातला ऑक्सिजन घटू शकतो. शिवाय १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ सापडलेली त्याची एक जात, कौलेर्पा टॅक्सिफोलिया, पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. कॅलिफोर्नियात ती २००० मध्ये आढळली आणि समूळ काढायला २००६ उजाडलं. मत्स्यालयांच्या टाक्यांमध्ये वाढवलं जाणारंच हे शेवाळ होतं, म्हणून या बाबतीत आम्ही कुणाचाही आग्रह मानत नाही.

पाण्यातलं पोषण शून्यावर आणायची घाई करू नका, हेही आम्ही प्रत्येकाला सांगतो. तसं केलं तर प्रवाळ फिके पडतात आणि कधीकधी डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर येतो. तो हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असतो. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असेल तर आम्ही निश्चिंत असतो. खारटपणा दाखवणारं पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, आणि भर घालायला फक्त आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी.

आता नवीन टाकी बसवताना शेवाळाचा कप्पा आराखड्यातच असतो. आमच्याकडे वाढवलेलं कीटोमॉर्फा देण्याआधी आम्ही ते वेगळ्या पाण्यात ठेवून नीट पाहतो. त्यात ब्रायॉप्सिसचा पिसासारखा तुरा किंवा व्हॅलोनियाचा हिरवा फुगा, म्हणजे दुसरं उपद्रवी शेवाळ दिसलं, तर तो गोळा बाजूला काढतो. कापलेलं शेवाळ नाल्यात किंवा समुद्रात टाकायचं नाही. उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्यायचं. थोडं ताजं शेवाळ टँग या शेवाळ खाणाऱ्या माशांसाठी ठेवलं तर ते आवडीने कुरतडतात.