ए'जचं सॅक्रामेंटोतलं बिऱ्हाड

ए'ज, म्हणजे ॲथलेटिक्स, या अमेरिकेतल्या मेजर लीगच्या (सगळ्यात वरच्या लीगच्या) बेसबॉल टीमच्या नावात आता गावच नाहीये. बाकी 29 टीमच्या नावाआधी कुठलं ना कुठलं शहर, राज्य किंवा भाग येतो, यांचं मात्र 2025 पासून नुसतं ॲथलेटिक्स. ओकलंड काढून टाकलं, सॅक्रामेंटो लावलं नाही, आणि लास व्हेगासला अजून पोचायचंय. 1901 ला फिलाडेल्फियात सुरू झालेली ही टीम, 1955 ला कॅन्सस सिटीला गेली, 1968 ला ओकलंडला आली आणि तिथं 57 सीझन खेळली. आता वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये तीन वर्षं काढायची आणि 2028 ला व्हेगासच्या नव्या स्टेडियममध्ये जायचं असा प्लॅन आहे. तीन वर्षांसाठी मांडलेलं बिऱ्हाडच म्हणा ना.

आम्ही ओकलंडजवळ फ्रीमाँटला राहतो, त्यामुळे ए'ज म्हणजे आमची घरची टीम होती. बार्टने, म्हणजे इकडच्या लोकल ट्रेनने, थेट कोलिझियमला उतरायचं, पूल ओलांडला की स्टेडियम. स्टेडियम जुनं होतं, 1966 चं, मोठं आणि बरेचदा अर्ध्याहून जास्त रिकामं, पण राइट फील्डच्या मागे बसणारी ती ड्रमवाली मंडळी नऊच्या नऊ इनिंग वाजवत राहायची आणि तो आवाज ऐकला की मला बरं वाटायचं, ढोलताशाच्या गावची मी, आणखी काय पाहिजे. लेक पाच वर्षांची असल्यापासून तिथं येते, बेसबॉल ती तिथंच शिकली आणि आता स्वतः सॉफ्टबॉल खेळते. 26 सप्टेंबर 2024 ला तिथली शेवटची मॅच झाली, टेक्सास रेंजर्सविरुद्ध, 3-2 ने जिंकले, 46,889 लोक आले होते. मॅच संपल्यावर मॅनेजर मार्क कॉट्सेने माइक घेतला आणि लोकांना शेवटचं एकदा "लेट्स गो ओकलंड" म्हणायला लावलं, तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उभे राहून रडत होते आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात दोन तट. नवरा म्हणाला मी आता या टीमची मॅच बघणार नाही, विषय संपला. लेक म्हणाली प्लेयर्सची काय चूक, ते काय स्वतःहून गेलेत का. मला दोघांचं पटत होतं. शेवटी 4 जुलैच्या लाँग वीकेंडला ए'ज विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को जायंट्स अशी मॅच होती, सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला माझी कॉलेजची मैत्रीण राहते, ती कधीची बोलावत होती, मग मी आणि लेक दोघीच निघालो. नवऱ्याने स्टेशनवर सोडलं, लेकीला म्हणाला, मजा कर, आणि खरंच मनापासून म्हणाला.

गाडीने न जाता कॅपिटल कॉरिडॉर ट्रेनने गेलो आणि हा प्रवास मी कुणालाही सुचवेन. फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल स्टेशनला बसलं की थोड्या वेळाने डाव्या खिडकीतून कोलिझियम दिसतं, तेच ते, गोल, करडं, पार्किंग लॉट मोकळा पडलेला. लेक काचेला नाक लावून बघत होती, काही बोलली नाही, मीही नाही बोलले. पुढे जॅक लंडन स्टेशन, बर्कली, रिचमंड, आणि मग रूळ एकदम पाण्याला चिकटतात, सॅन पाब्लो बे आणि त्यानंतर कार्किनेझची सामुद्रधुनी, खिडकीच्या खालीच पाणी. मार्टिनेझनंतर पूल, मग सुइसूनची दलदल, बगळे, मग सपाट शेतं, डेव्हिस. ही जी डोंगरांमधली फट आहे ना जिच्यातून ट्रेन जाते, तिच्यातूनच संध्याकाळी समुद्राचं गार वारं आत व्हॅलीत शिरतं, त्याला तिकडे डेल्टा ब्रीझ म्हणतात आणि सॅक्रामेंटोचे लोक त्याची आपण पावसाची बघतो तशी वाट बघतात. मॅचच्या वेळी ते वारं किती महत्त्वाचं आहे ते नंतर कळलं.

सॅक्रामेंटोला उतरून ओल्ड सॅक्रामेंटोमधून चालत गेलो, लाकडी फळ्यांचे फुटपाथ, रेल्वे म्युझियम, आइस्क्रीमची दुकानं, गर्दी भरपूर. आणि समोर टॉवर ब्रिज, 1935 चा, सोनेरी रंगाचा. तो ओलांडला की नदीपलीकडे वेस्ट सॅक्रामेंटो, म्हणजे ते वेगळं गाव आहे, काउंटीसुद्धा वेगळी, योलो. पुलावरून चालणाऱ्यांत नारिंगी-काळे जायंट्सचे जर्सी आणि हिरवे-पिवळे ए'जचे जर्सी सगळे एकत्र, उन्हाने लाल झालेले, पोरं खांद्यावर. लेकीने तिचा जुना ओकलंड लिहिलेला टी-शर्ट घातला होता. पुलाच्या मध्यावर एका बाईने तिला बघून छातीवर हात ठेवला आणि हसली, बास, एवढंच, पण लेक त्यानंतर ताठ चालायला लागली.

आता स्टेडियमबद्दल. सटर हेल्थ पार्क. हे मुळात मायनर लीगचं मैदान आहे, 2000 साली बांधलेलं, रिव्हर कॅट्स नावाच्या ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालच्या, टीमचं. चौदा हजारांच्या आसपास लोक मावतात, त्यातही राइट फील्डच्या मागे खुर्च्या नाहीत, गवताचा उतार आहे, लोक पाय पसरून बसतात, मुलं गडगडत खाली येतात. कोलिझियमला फाउल टेरिटरी, म्हणजे खेळाच्या रेषांबाहेरची मोकळी जागा, इतकी मोठी होती की प्लेयर ठिपक्याएवढे दिसायचे, इथं आम्ही साध्या तिकिटावर अशा जागी बसलो की बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये बसल्याचा फटकारा कानात घुमतो, शॉर्टस्टॉप काहीतरी ओरडतो ते ऐकू येतं, पिचरच्या मानेवरचा घाम दिसतो. मेजर लीग बेसबॉल इतक्या जवळून मी कधीच पाहिलं नव्हतं आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. लेक तर दोन इनिंग काही खाल्लंसुद्धा नाही, नुसती फर्स्ट बेसमन निक कर्ट्झचे पाय बघत होती, कसा स्ट्रेच करतो ते.

पण हेही दिसतं की जागा या कामासाठी बांधलेलीच नाही. क्लबहाऊस, म्हणजे प्लेयर्सच्या कपडे बदलायच्या खोल्या, आउटफिल्डच्या भिंतीपलीकडे आहेत. मेजर लीगच्या नेहमीच्या मैदानात डगआउटमधून आतल्या आत बोगद्याने क्लबहाऊसला जाता येतं, एसीत बसता येतं, व्हिडिओ बघता येतो. इथं प्लेयर सगळ्या लोकांसमोर मैदानाच्या कडेकडेने चालत जातात. आम्हा बघणाऱ्यांना ते छान वाटतं, मुलं कठड्याला लटकून हाका मारतात, पण शंभर डिग्री फॅरनहाइटमध्ये बॉल टाकणाऱ्या पिचरचं काय होत असेल. लुईस सेवेरिनो, ज्याला ए'जनी त्यांच्या तोपर्यंतच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काँट्रॅक्ट दिलं, तीन वर्षांचे 6.7 कोटी डॉलर, तो उघड बोलला की इथं खेळताना स्प्रिंग ट्रेनिंगसारखं, म्हणजे सीझनआधीच्या सरावासारखं वाटतं. बाहेरगावी त्याने चांगली बॉलिंग, म्हणजे पिचिंग केलं आणि घरच्या मैदानावर मार खाल्ला. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. आधी तर इथं कृत्रिम टर्फ टाकायचं चाललं होतं, त्या उन्हात टर्फ किती तापलं असतं विचार करा, प्लेयर्सच्या युनियनने लावून धरलं म्हणून खरं गवत राहिलं. आणि त्याच गवतावर ए'ज बाहेरगावी गेले की रिव्हर कॅट्स खेळतात, एका सीझनला दीडशेवर मॅचेस, ग्राउंड्समनचे हात धरून नमस्कार करावा असं काम आहे ते.

2025 च्या जर्सीच्या बाह्या नीट बघा कधी. एका बाहीवर सॅक्रामेंटोचा पॅच, टॉवर ब्रिजचं चित्र असलेला. दुसऱ्या बाहीवर लास व्हेगास. ओकलंड कुठेच नाही. छातीवर ॲथलेटिक्स. ते बघून मात्र मला वाईट वाटलं.

मैत्रिणीचा नवरा गेली पंधराएक वर्षं सॅक्रामेंटो किंग्जचा, म्हणजे बास्केटबॉलचा भक्त आहे. तो म्हणाला, तुम्ही ओकलंडवाले आमच्यावर चिडू नका गं, आम्ही काय टीम पळवून आणली नाही, आणि टीम जाणं काय असतं ते आम्हाला नको सांगू. 2013 ला किंग्ज सिॲटलला जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा विवेक रणदिवे यांच्या ग्रुपने टीम विकत घेऊन इथं ठेवली. मुंबईत जन्मलेला माणूस, इकडे येऊन सॉफ्टवेअर कंपनी काढली, आणि आज किंग्ज आणि रिव्हर कॅट्स दोन्ही त्यांच्याच ग्रुपकडे आहेत, म्हणजे ए'ज ज्या मैदानात राहायला आलेत त्याचे घरमालकही तेच. आपल्याकडचं आडनाव तिथं ऐकून लेकीने दोनदा विचारलं, खरंच का. आणि गंमत म्हणजे किंग्जसुद्धा 1985 ला कॅन्सस सिटी सोडूनच इथं आलेले, तेच कॅन्सस सिटी जिथं ए'ज 13 वर्षं राहिले. मैत्रिणीच्या नवऱ्याचं म्हणणं असं की ए'ज जाणारच आहेत हे आम्हाला माहितीये, पण आम्ही तीन वर्षं नीट येऊन दाखवलं तर पुढे लीगने नवीन टीम काढली की आमचा विचार होईल. मी त्याला म्हटलं मग स्वतःची टीम मिळवा, तिला सॅक्रामेंटो नाव द्या, मी येईन ट्रेनने. तो म्हणाला, ये, जागा धरून ठेवतो.

मॅचचं सांगायचं तर स्टँडमध्ये नारिंगी खूप होतं. साहजिक आहे, सॅक्रामेंटोत जायंट्सचे फॅन आधीपासून आहेत आणि रिव्हर कॅट्स 2015 पासून जायंट्सचीच फार्म टीम आहे, म्हणजे जायंट्सचे कित्येक प्लेयर याच मैदानावर वाढलेले. पण त्या दिवशी ए'जनी 11-2 ने धुतलं. जशी धावसंख्या वाढली तशी हिरवी मंडळी धीट झाली, आमच्या मागे कुणीतरी खुर्चीवर हाताने ठेका धरला, ड्रमसारखा, आजूबाजूच्यांनी उचलला, लेकीने पण. जायंट्सनी पुढच्या दोन्ही मॅचेस जिंकून हिशोब चुकता केला हे सोडा, ती मॅच आम्ही बघितली.

पूर्ण सीझनचं थोडक्यात सांगते. घरची पहिली मॅच 31 मार्चला होती शिकागो कब्जशी आणि ती 18-3 ने हरले, कब्जच्या कार्सन केलीने त्यात सायकल मारली, म्हणजे सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन सगळं एका मॅचमध्ये. मेमध्ये तर बघवत नव्हतं. नंतर सावरले आणि 76 जिंकून, 86 हरून संपले. कर्ट्झने 25 जुलैला ह्यूस्टनमध्ये एका मॅचमध्ये चार होमरन मारले, सहा पैकी सहा हिट, आधी कुठल्याच रूकीला, म्हणजे पहिल्या सीझनच्या प्लेयरला, एका मॅचमध्ये चार होमरन जमले नव्हते, आम्ही ते घरी टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या होमरनला नवरा किचनमधून बाहेर येऊन सोफ्याच्या मागे उभा राहिला आणि मॅच संपेपर्यंत तिथंच होता. कर्ट्झ एकमताने रूकी ऑफ द इयर झाला, शॉर्टस्टॉप जेकब विल्सन दुसरा आला. इतकी गुणी पोरं इतक्या वर्षांनी एकत्र आली आणि ओकलंडने कर्ट्झला तर एकदाही घरच्या मैदानावर पाहिलं नाही, हे मला अजून सहन होत नाही. जून 2023 मध्ये 27,759 लोक मुद्दाम कोलिझियमला जमले होते, मालक जॉन फिशरना टीम विका असं सांगायला. फॅन येत नाहीत म्हणून टीम जाते म्हणणाऱ्यांना मी तो आकडा सांगते, आणि शेजारी सॅक्रामेंटोची पहिल्या सीझनची सरासरी पण सांगते, साडेनऊ हजारांच्या आसपास. सॅक्रामेंटोच्या लोकांचा दोष नाही त्यात. ज्या टीमने तुमचं नाव लावायला नकार दिला तिच्यासाठी लोकांनी उन्हात येऊन बसावं, ही अपेक्षाच मला पटत नाही.

जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर बघा, जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळचीच मॅच घ्या आणि टोपी, पाणी विसरू नका, डेल्टा ब्रीझ सुटेपर्यंत जीव नको होतो. मुलं लहान असतील तर राइट फील्डचं गवत उत्तम. ट्रेनचं टाइमटेबल आधी बघा, रात्रीची मॅच संपेपर्यंत परतीची शेवटची गाडी गेलेली असू शकते, आम्ही मैत्रिणीकडे राहिलो म्हणून निभावलं. आणि पूल चालतच ओलांडा. तसंच एक दिवस वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कलाही जाऊन या, तिथं 2024 पासून ओकलंड बॉलर्स नावाची छोटी स्वतंत्र टीम खेळते, 2025 ची पायोनियर लीग त्यांनीच जिंकली. नवऱ्याने पुढच्या सीझनची तिकिटं तिथली काढायची ठरवलंय, लेकीला दोन्हीकडे जायचंय, आणि मी दोन्हीकडे जाणार आहे.