मक्यापासून घरच्या घरी इंधन?

मक्याचा भाव पडला की गावात हमखास एक प्रश्न निघतो: कारखाने मक्यापासून इथेनॉल काढतात, तर ते आपल्याला घरी का काढता येऊ नये? निम्मे काम खरोखरच सोपे आहे. उसाच्या मळीत साखर तयारच असते. मक्यातील स्टार्चची मात्र दळून, शिजवून आणि विकरे (एन्झाइम) घालून आधी साखर करावी लागते. मग यीस्ट घातले की काही तासांतच पिंपावर फेस चढू लागतो, बुडबुडे फुटतात आणि आंबूस वास पसरतो.

खरी अडचण पुढे आहे. आंबवलेल्या द्रावणात अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच असते आणि साध्या ऊर्ध्वपातनाने (द्रावण उकळून त्याची वाफ थंड करण्याने), ते कितीही वेळा केले तरी, वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, कारण त्या प्रमाणात पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी लागणारे जवळजवळ निर्जल इथेनॉल मिळवायला कारखान्यांत उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या आण्विक चाळण्या वापरतात. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे भट्टीच्या जळणाचा हिशेब घरगुती प्रमाणावर जुळणे कठीणच.

आणि कायदा! महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भट्टी लावणे हा गुन्हा आहे; हेतू इंधनाचा होता, हे सांगून सुटका होत नाही. त्यापेक्षा जवळच्या आसवनीला, म्हणजे इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याला, मका विकणे मला अधिक व्यवहार्य वाटते; घरच्या इंधनाची हौस असेलच, तर शेणाचा गोबरगॅस आहे.