कितव्या शॉटनंतर?

मनोविकारशास्त्राकडे वळण्याआधी मी सात वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल खेळलो. राज्य स्पर्धांपर्यंत मजल गेली, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पिस्तूल सुटलं. ती वर्षं ओपीडीत इतकी थेट कामी येतील असं कधी वाटलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांसोबत आली. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली. ती नेमबाज आहे हे वडिलांनी बोलता बोलता सांगितलं.

मी विचारलं, “कितव्या शॉटनंतर सुरू होतं?”

ती बघतच राहिली. मग म्हणाली, “पन्नासच्या पुढे, सर. शेवटच्या सिरीजला.”

साठ शॉट, ७५ मिनिटं. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छातीतला ठोका मनगटापर्यंत येतो आणि पिस्तूल हलतं. तो ठोका मी ओळखतो.

“काही गोळ्या चालू आहेत?”

तिने पर्समधून अर्धी स्ट्रिप काढली. प्रोप्रॅनोलॉल. माझ्या पोटात गोळा आला.

घराजवळच्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूनेच दिली होती. परीक्षेची, भाषणाची भीती वाटणाऱ्यांना आम्हीही देतो. खेळाचं तिने सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. हे औषध ठोके मंद करतं, कंप थांबवतं. म्हणूनच नेमबाजीत आणि तिरंदाजीत त्यावर बंदी आहे, स्पर्धा नसतानाही. २००८ साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची रौप्य आणि कांस्य अशी दोन ऑलिंपिक पदकं याच औषधापायी काढून घेतली गेली.

“पाचदाच घेतली, सर. सरावाला. त्या दिवशी स्कोअर छान आला.”

बंदीपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. छान स्कोअर गोळीचा, वाईट तेवढा आपला, असा हिशेब तिने मनाशी करून टाकला होता. स्वतःच्या हातावरचा तिचा भरवसाच उडाला होता.

मी स्पष्ट सांगितलं: ही गोळी आजपासून बंद. घाबरण्यावर आपण बोलून, सरावातून काम करू. औषध लागलंच तर बंदीची यादी आधी पाहून देईन. स्पर्धा १९ दिवसांवर होती. खेळायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं.

वडील हळूच म्हणाले, “पिस्तुलाचं कर्ज अजून फिटायचंय, डॉक्टर.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता.

“पप्पा, या वेळी मी नाव काढून घेते.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, स्ट्रिप उचलून माझ्या टेबलावर सरकवली आणि विचारलं, “पुढची तारीख कधीची देताय?”