डॉक्टर, वेल्डिंग कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं रोजच कुणीतरी विचारतंय, पेशंटची चूळ भरून झाली की हमखास, "डॉक्टर, तुम्ही म्हणे स्वतः वेल्डिंग मारता? अख्खं उद्यमनगर पडलंय की, तुम्हाला काय गरज?" प्रश्न बरोबर आहे. उद्यमनगर म्हणजे आमच्या कोल्हापुरातला कारखान्यांचा भाग. ज्या गावात दगड भिरकावला तर वेल्डरला नाहीतर फाउंड्रीवाल्याला लागतो तिथं माझ्यासारख्या दाताच्या डॉक्टरनं वेल्डिंगचा रॉड पकडायचा होल्डर हातात धरायचा म्हणजे जरा अतीच.

सगळं एका गंजलेल्या जीपपायी. जीप पप्पांची. महिंद्रा एमएम ५४०, १९९३ ची, प्युजोच्या लायसन्सवालं डिझेल इंजिन. मागच्या आडव्या बाकावर बसून दाजीपूर, गगनबावडा सगळं केलंय आम्ही, उतरलं की केसात धूळ आणि कंबर मोडलेली. मग २०१९ चा पूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं आणि शुक्रवार पेठेतल्या शेडमध्ये उभी असलेली जीप स्टेअरिंगपर्यंत बुडाली. इंजिन खोलून साफ केलं, ते झालं चालू. मेला तो पत्रा. लगेच नाही, हळूहळू, कारण फ्लोअरखालच्या चॅनेलमध्ये पुराचा गाळ बसला होता आणि तो दर पावसाळ्यात ओला व्हायचा, आतल्या आत खात बसायचा.

एका गॅरेजला दिली. नाव नाही सांगत. त्यांनी गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवला, चार बाजूंनी वेल्डिंगचे टाके मारले, वरून काळा रबर कोट फासला, दिसायला एकदम भारी. दोन पावसाळ्यांत तो कोट फुगला. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर दांड्यापर्यंत आत गेला.

आता हे माझ्या धंद्यात कुणी केलं तर काय म्हणाल? कीड तशीच ठेवून वर सिमेंट भरलं तर दात आतून पोकळ होणारच. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी ओढलं जातं, वाळत नाही, आणि गंज आता दोन्हीकडून खातो.

उद्यमनगरातले एक मिस्त्री माझे पेशंट, रूट कॅनाल केलेलं त्यांचं. त्यांना म्हटलं तुम्हीच करा की व्यवस्थित. त्यांनी जीपखाली वाकून हातोडीनं ठोकत ठोकत बघितलं, चांगला पत्रा ठण्ण वाजतो आणि मेलेला भद्द, आणि बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर, वेल्डिंग अर्ध्या दिवसाचं हाय. पर गंज कुठं संपतोय ते हुडकायला महिना जाईल, त्याचं बिल मी कुणाला दाखवू? तुम्हीच शिका, मी दाखवतो." बास, उत्तर एवढंच आहे. हे काम मजुरीवर परवडतच नाही, ना त्यांना ना मला. ज्याची जीप त्यानंच रविवार घालवायचे.

पहिले दोन महिने जीपला हातच लावू दिला नाही. पाच एमएमची पट्टी, अडीच एमएमचा ६०१३ नंबरचा साधा वेल्डिंग रॉड, मशीन ७५-८० अँपिअरवर आणि नुसत्या रेघा मारायच्या. काडी ओढल्यासारखा रॉड घासून लगेच किंचित उचलायचा, माझा चिकटायचाच, मग होल्डर पिरगाळून सोडवा, नाही सुटला तर रॉड लालबुंद. "ओ डॉक्टर, दात उपटताय काय?" सगळं शॉप हसायचं. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी वीज, बरोबर धरला की भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, तो कानाला कळायला लागला तेव्हा हात पण आपोआप बसला. बघायचं कुठं हेही कळायला वेळ गेला, उजेडाकडे नाही, त्याच्यामागं जे वितळलेलं डबकं सरकतंय तिकडं.

आणि फ्लोअरचा पत्रा १.२ एमएमचा! तिथं रॉड लावला की भोक, भोक बुजवायला गेलं की आणखी मोठं भोक. शेवटी सीओटूचं मिग मशीन घेतलं, ०.८ एमएमची वायर. यात रॉडऐवजी बारीक वायर आपोआप पुढं येते आणि वितळलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून भोवती गॅस सोडतात. त्यातही पहिला तुकडा मी सरळ एका दमात जोडला आणि तो कुरडईसारखा वाकडा झाला, कारण जोड थंड होताना आकसतो आणि पत्र्याला ओढून घेतो. आता एक टाका इकडं, एक पार त्या टोकाला, हात लावून गार झालंय बघायचं मग पुढचा. भोक पडलंच तर मागनं तांब्याची पट्टी धरायची, तांबं उष्णता खेचून घेतं आणि वेल्ड त्याला चिकटत नाही.

एप्रिलमध्ये उकडत होतं म्हणून टेबलफॅन लावला. वेल्डची अख्खी लाइन आंबोळीसारखी जाळीदार. फॅननं गॅसच उडवून लावला होता, सगळं ग्राइंडरनं काढून परत केलं.

सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे एकदा "एकच तर टाका आहे" म्हणून हेल्मेट न घालता नुसते डोळे बारीक करून मारला, एकाचे पाच कधी झाले कळलं नाही. संध्याकाळी काही नाही. रात्री दोनला डोळ्यात कुणीतरी कांदा-लसूण चटणी टाकल्यासारखं झालं. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो, दोन दिवसांत भरून येतो तो, पण ते दोन दिवस माझं क्लिनिक बंद. पेशंटना काय सांगायचं? रिसेप्शनवरच्या पोरीनं सरळ खरं ते सांगून टाकलं, तेव्हापासून तर हा प्रश्न जास्तच यायला लागला.

चौदा महिन्यांचे रविवार गेले. त्यातलं प्रत्यक्ष वेल्डिंग किती विचाराल तर थोडंच, बाकी सगळं कापणं, घासणं, पुठ्ठ्याचा नमुना कापून पत्रा त्यात बसतोय का बघणं. कुणी बघायला आलं की ठिणग्यांचे फोटो काढतं, घासत असताना कुणी थांबत नाही.

परवा पप्पांना घेऊन गगनबावड्याला जाऊन आले. तिथला पाऊस म्हणजे टेस्टच. पप्पा वाटेत काही बोलले नाहीत, फक्त पायाखालची मॅट दोनदा उचलून बघितली. त्यांची बाजू कोरडी. माझ्या क्लचखाली मात्र टाचणीएवढं भोक राहिलंय, डावा बूट भिजला. खडूनं गोल करून ठेवलाय, गणपती झाले की बघते.