लिंबातलं रक्त

सिनेमा चेटकिणीचा, बजेट तुटपुंजं. पंधरा दिवसांचं शेड्यूल, वाईजवळचं एक खेडं, भाड्याने घेतलेला पडका वाडा. मी आर्ट डिपार्टमेंटला, त्यामुळे सेटपासून सुरीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. तो सिनेमा आज कुणाला आठवतही नसेल. मला मात्र त्यातला एक सीन विसरता येत नाही.

गावातल्या विधवेवर करणीचा आळ येतो, देवऋषी तिच्या उंबऱ्यावर लिंबू कापतो आणि लिंबातून रक्त येतं, असा तो सीन. व्हीएफएक्सला पैसे नव्हते. मी जास्वंदीच्या लाल पाकळ्या चुरगळून सुरीच्या पात्यावर घासल्या आणि वाळू दिल्या. वाळल्यावर पातं नुसतं मळकट दिसतं. लिंबाचा आंबट रस लागला, की तोच रंग लालभडक होतो. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते शाळेत आले होते, तेव्हा मी हे त्यांच्याकडून शिकलो होतो.

पहिलाच टेक ओके झाला. लाल थेंब उंबऱ्यावर टपटपले, बघ्यांची कुजबुज थांबली. कडेला बसलेली एक म्हातारी उठून चालू लागली. पाय लटपटत होते, म्हणून मी जाऊन हात धरला.

"माझ्या दारात बी असंच कापलं हुतं," ती म्हणाली.

शेजाऱ्याची म्हस आटली होती. देवऋष्याने लिंबू कापून हिचं नाव घेतलं. त्यानंतर तिच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही, लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवल्याचा आळ घेणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. वाचताना मला ते फार जुन्या काळातलं वाटलं होतं. हिच्यावर आळ आला तेव्हा हा कायदाच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला वाड्यामागे नेलं. "आजी, ते रक्त नव्हतं," म्हटलं आणि पाकळ्या तिच्याच हातात दिल्या. पातं वाळेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसून होतो. मग लिंबू तिनेच कापलं. लाल पाणी बोटांवरून ओघळलं. तिने ते हुंगलं, जिभेला लावलं.

"आंबटच हाय की रं."

पुन्हा कापलं. सीनसाठी आणलेली सगळी लिंबं संपली.

पाकळ्या घासतानाचा एक क्लोजअप सीनमध्ये ठेवू या, असं मी दिग्दर्शकाला सुचवलं. भीती जाईल, म्हणून त्यांनी नकार दिला. मला ते आजही पटलेलं नाही. सिनेमाने जरूर घाबरवावं, पण देवऋष्याचं लिंबू खरं ठरवून नव्हे.

पॅकअपच्या वेळी म्हातारी परत आली. बरोबर पन्नाशीची लेक, ओच्यात परसातली जास्वंदीची फुलं आणि दोन लिंबं.

"हिला दावायचं हाय," ती म्हणाली, "तुझी सुरी दे जरा."